बापूंनी दाखवलेला डोंगर

चार रिटायर मास्तर एका बाकावर बसले की हिरजीबापू न बोलावता येतात. म्हणजे त्यांचे किस्से येतात! एकाने एक सांगितला की दुसऱ्याच्या ओठावर दुसरा तयारच असतो. चहा गार होतो, पण बापू काही संपत नाहीत. सगळे पोट धरून हसतात.

मीही सांगतो. पण मला हसू येत नाही. बापू गेले, त्यांच्या नावाचा चौक झाला, चौकात पुतळाही उभा राहिला, तरी त्यांचं नाव निघालं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. तेव्हा आवाज चढला तर सांभाळून घ्या.

बापू म्हणजे शहाद्याकडचे बडे बागायतदार. केळी, ऊस, कापूस, दारात जीप. पन्नासच्या दशकात ते जिल्हा स्कूल बोर्डाचे मेंबर झाले, पुढे जिल्हा परिषद आली तेव्हा तिकडे सरकले. तेव्हा आमचा सगळा कारभार धुळ्याहून चालायचा, असं म्हणायची पद्धत होती. आम्हा प्राथमिक शिक्षकांचं धुळं बापूंच्या ओट्यावर होतं.

खोटं कशाला बोलू? अर्धा तालुका त्यांच्यावर जीव टाकायचा. कोणी आजारी पडलं तर बापू स्वतःच्या जीपमधून धुळ्याला पोचवायचे. उरलेला अर्धा तालुका त्यांना घाबरायचा. आम्ही मास्तर त्या दुसऱ्या अर्ध्यात.

आम्हाला घाबरवायला त्यांना एकच वाक्य पुरायचं. “काय मास्तर, तुले डोंगर दखाडू का?”

डोंगर म्हणजे सातपुडा, आणि सातपुड्यात उंबरपाडा. एस.टी. जिथे संपते तिथून पुढे अर्धा दिवस पायी. ज्याच्यावर बापूंची खप्पा मर्जी झाली, त्याची बदली उंबरपाड्याला!

*

आमच्या पवार मास्तरांचा गुन्हा ऐका.

शाळेचं गॅदरिंग होतं. मामलेदार प्रमुख पाहुणे, बापू अध्यक्ष. पवारांच्या हातात दोन हार. त्यांनी सरळ मनाने पहिला हार पाहुण्यांच्या गळ्यात घातला आणि दुसरा बापूंच्या. बापू हसले. त्यांचं ते हसू पाहून हेडमास्तरांची पाचावर धारण बसली.

आठवड्यात ऑर्डर! पवार धावत ओट्यावर गेले. “बापू, मामलेदारसाहेब पाहुणे होते हो. पाहुण्यांचा मान पहिला.”

“मंग जाय,” बापू म्हणाले, “मामलेदारना घर ऱ्हाय!”

पवार पोराबाळांना बायकोच्या माहेरी ठेवून डोंगर चढले. हार घालण्यात चूक झाली म्हणून! हसा, हसा. पवारांची बायको तेव्हा हसली नव्हती.

*

आता माझा गुन्हा.

म्हसावदहून शहाद्याला येणारी सकाळची एस.टी. बापूंच्या मळ्यापाशी थांबायची. तिथे स्टॉप नव्हता. बापूंचा चहा होईपर्यंत ड्रायव्हर हॉर्नसुद्धा वाजवायचा नाही. पुढची सीट रिकामी ठेवलेली. त्या दिवशी त्या सीटवर एक दिवस भरत आलेली बाई बसली होती. कंडक्टरने तिला उठवलं. ती एका हाताने दांडा आणि एका हाताने पोट धरून उभी राहिली. गाडीतले सगळे खिडकीबाहेर बघू लागले.

माझं डोकं फिरलं. मी तिला माझी जागा दिली आणि कंडक्टरला मोठ्याने विचारलं, “गाडी सरकारची आहे की बापूंची?”

बापू नेमके तेव्हाच पायरी चढत होते. त्यांनी ऐकलं. सीटवर नीट बसले, टोपी सारखी केली आणि मागे वळून म्हणाले, “गाडी सरकारनीच शे, मास्तर. पन सरकार मन्हं शे!”

गाडी हसली. माझी ऑर्डर निघाली.

*

उंबरपाड्याला पोचलो तेव्हा पायाला फोड आणि मनात शिव्या. गावाचा कारभारी होता जेहऱ्या. वाळका, उंच, कमरेला लंगोटी, डोक्याला फेटा. कारभारी म्हणजे तिथला प्रमुख माणूस, भांडण-तंटा त्याच्यापुढे सुटायचा. बाजाराला जाऊन जाऊन त्याला मोडकंतोडकं मराठी येत होतं. त्यात ‘तुम्ही’ नव्हतं. देवालाही तू, मास्तरलाही तू.

त्याने मला खाटेवर बसवलं. पाणी दिलं. हळूहळू सगळा पाडा जमला आणि माझ्यासमोर जमिनीवर बसला. मला वाटलं, स्वागत आहे.

जेहऱ्याने विचारलं, “तू काय केलं?”

“म्हणजे?”

“खालून जो येतो, तो काही करून येतो. सांग. आम्ही ऐकतो.”

ती तिथली रीत होती! कोणी ठरवून पाडलेली नव्हे, आपोआप पडलेली. मास्तर आले ते शिक्षा म्हणून, जंगलखात्याचा गार्ड आला तो शिक्षा म्हणून, तलाठी आला तोही कुठेतरी कोणाला तरी उलटून बोललेला. प्रत्येक जण पहिल्या दिवशी त्या खाटेवर बसून रडलेला. मग पाड्यानेच ठरवून टाकलं, आलेल्याला आधी पाणी द्यायचं आणि मन मोकळं करू द्यायचं.

मी एस.टी.ची गोष्ट सांगितली. त्यांच्यात कुजबुज झाली. मग जेहऱ्या समजुतीने म्हणाला, “तुझं लहान आहे. हारवाल्याचं पण लहान होतं. घाबरू नको.”

नंतर शेकोटीपाशी त्याने मला आणखी एक विचारलं. “मास्तर, आमचं गाव तुरुंग आहे काय?”

खाली बसून एक माणूस बोट दाखवतो, आणि जिथे लोक जन्मतात, लग्नं करतात, होळीला ढोल बडवून नाचतात, त्या गावाचा तुरुंग होतो! गावाला कोणी विचारलंसुद्धा नाही. माझी शिक्षा मी विसरलो असतो. ही त्यांची शिक्षा मी विसरायला तयार नाही.

*

दुसऱ्या दिवशी शाळा भरवली. झोपडीत, शेणाने सारवलेल्या जमिनीवर. मी फळ्यावर ‘ग’ काढला. सगळी पोरं एका सुरात ओरडली, “ग गवताचा!” ‘म’ काढला, “म मक्याचा!” मी खूश! म्हटलं, काय हुशार पोरं आहेत!

मग ओठावर मिसरूड फुटू लागलेला एक पोरगा उठला आणि अदबीने म्हणाला, “मास्तर, हे झालंय. प्रत्येक मास्तर इथूनच सुरू करतो.”

बापूंचा आणखी एक नियम होता. “माफी लिखी दे, सकायच परत आनस.” मास्तर दिवाळीपर्यंत टिकायचा, मग ओट्यावर जाऊन माफी लिहून द्यायचा आणि खालच्या शाळेत परत जायचा. इकडे शाळा बंद. पुढच्या पावसाळ्यात नवा गुन्हेगार, पुन्हा ‘ग गवताचा’! पहिली कित्येकदा केलेली ती पोरं होती, आणि दुसरीचं पुस्तक कोणी पाहिलं नव्हतं.

पवारही असेच माफी लिहून उतरले. मला त्यांचा राग नाही. त्यांना पोरंबाळं होती. राग कोणाचा ते तुम्हाला कळलंच आहे.

जेहऱ्याची नात होती, ठुमी. बकऱ्या राखता राखता वाळूत अक्षरं गिरवायची. जेहऱ्या म्हणायचा, “हिला चौथी कर. चौथी झाली की पुढे शिकेल आणि इथंच मास्तरीण होईल. आमचा मास्तर आमचाच पाहिजे. त्याला माफी देऊन कोण नेणार?”

एवढंच हवं होतं त्या माणसाला. रस्ता नको, पूल नको. माफी न मिळणारा एक मास्तर!

मी ठरवलं, माफी लिहायची नाही.

*

मधे एकदा बाजारासाठी शहाद्याला उतरलो तर बापूंची सभा चालू. जिल्हा परिषदेचं इलेक्शन जवळ आलेलं. बापू माईकवर गरजत होते, “मन्हावर आरोप करतस, डोंगरना लोकेसना करता काय करं म्हनीसन! अरे, उंबरपाड्याले दर वरीसले मी नवा मास्तर धाडस! दुसरा कोनी धाडात इतला मास्तर?”

टाळ्यांचा कडकडाट!

माझ्या शेजारी पवार उभे होते. बिचारे खाली मान घालून टाळ्या वाजवत होते. मी त्यांचे हात धरून खाली केले. ते पुटपुटले, “अरे, तिकडून बघताहेत.” खरंच बघत होते.

*

सगळ्यात जुना मी झालो. पावसाळे गेले, माझी माफी काही गेली नाही. पोरं दुसरीत गेली, तिसरीत गेली, आणि ठुमी धरून चार जण चौथीत बसले. पाड्याच्या इतिहासात पहिली चौथी! परीक्षा उन्हाळ्याच्या तोंडाला होती. आणि नेमकी तेव्हाच बापूंना दया आली.

पुन्हा इलेक्शन आलं होतं आणि शिक्षकांची मतं हवी होती, म्हणून सगळ्या गुन्हेगारांना सरसकट माफी जाहीर झाली. माझ्या बदलीचा निरोप घेऊन पट्टेवाला डोंगर चढून आला. माझ्या जागी कोण? कोणीच नाही. मी उलट निरोप धाडला, “मी माफी मागितलेली नाही. मला नको. परीक्षेनंतर काय ते बघू.”

बापूंच्या ओट्यावर तेव्हा काय झालं ते पट्टेवाल्यानेच पुढे सांगितलं. बापूंनी हातातला कप बशीवर आपटला. “मी माफ करी ऱ्हायनू नि हाऊ नही म्हनस?” म्हणाले, “काढा जीप. मी सोता लई येस त्याले!”

*

आणि बापू आले. आयुष्यात पहिल्यांदा उंबरपाड्याला!

जीप नाल्यापाशी राहिली. तिथून पुढे बापू पायी. दुपार टळली तेव्हा टेकडीवर पांढरी टोपी दिसली. मागे पाच-सहा कार्यकर्ते, एकाच्या हातात हारांची पिशवी. बापूंचं धोतर कुसळांनी भरलेलं, पंप शू हातात, पायाला फोड, तोंडाला फेस. मला बघून ओरडायला तोंड उघडलं, पण दमच नव्हता.

जेहऱ्या पुढे झाला. त्याने बापूंचा हात धरला, त्यांना खाटेवर बसवलं. ठुमीने पाणी आणलं. बापू घटाघटा प्यायले. तोवर बायामाणसं, पोरंसोरं, सगळा पाडा जमला आणि समोर जमिनीवर बसला. कार्यकर्त्यांना वाटलं, सभा आहे. एकाने हारांची पिशवी उघडली.

जेहऱ्याने बापूंकडे मायेने पाहिलं.

“तू काय केलं?”

बापूंना कळेना. “काय करं म्हंजे?”

“खालून जो येतो, तो काही करून येतो. तू तर मोठा माणूस. तुला पाठवला म्हणजे मोठं काही असेल. लाजू नको. सांग.”

“माले कोनी धाडं नही!” बापू खाटेवरून अर्धे उठले. “मी सोता उनू!”

जेहऱ्याने त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना पुन्हा खाली बसवलं.

“पहिल्या दिवशी सगळे असंच म्हणतात,” तो म्हणाला. “तू माफी मागून टाक. मागितली की खाली जाता येतं, सगळे गेले. हा एक मास्तर नको म्हणतो, त्याला राहू दे, पोरांची चौथी आहे. पण तू म्हातारा झाला, तुला इथं नाही जमणार. माग माफी. आम्ही बसलोय.”