सोवळ्यातली पिचकारी

दवाखान्यात औषधं संपतात, किस्से संपत नाहीत! कॅसलरॉक स्टेशनाजवळच्या छोट्या दवाखान्यात मी कंपाउंडर होतो, आणि माझे निम्मे किस्से एकट्या बापूंचे. बापू लाकडाच्या डेपोत कारकून. मुतखड्याच्या कळांवर कुणीतरी त्यांना मॉर्फिया टोचला. खडा पडून गेला, टोचणं राहिलं.

*

त्यांची टोचायची पिचकारी सोवळ्याच्या रेशमी फडक्यात असायची. एकदा गोव्याकडून येताना जकातीच्या शिपायाने हटकलं, "गाठोड्यात काय हाय?"

"देव आहेत!"

शिपायाने जोडे काढून नमस्कार केला.

*

महिन्याला मांडीवर एक गळू ठरलेलं. डॉक्टर फाडायचे, मी वाटी धरायचो.

"बापू, टोचणं सुटत नाही तर निदान पिचकारी उकळा."

"चुलीवर चढली की खरकटी झाली! मी गंगाजळाने धुतो."

"कधीचं गंगाजळ?"

"वडील काशीहून आले तेव्हाचं."

डॉक्टर बराच वेळ चष्मा पुसत बसले.

*

बापूंचं बघून दिग्गीकडचा एक मुकादमही टोचायला शिकला. त्याने मात्र डॉक्टरांचं ऐकलं. रेल्वेच्या ड्रायव्हरकडून लोटाभर पाणी घेऊन आला.

"इंजिनाचं पानी हाय सायेब! ह्याच्यापरास कडक कुठलं?"

आमच्यासमोर सुई धुतली आणि धोतराला स्वच्छ पुसली.

"वली सुई टोचू न्हाई म्हनत्यात!"

*

मग बापूंचा पाय गुडघ्यापर्यंत सुजला. ताप हटेना. चांगलं खोलवर फाडावं लागलं.

डॉक्टर म्हणाले, "पुन्हा गळू झालं तर पाय कापावा लागेल. तोही हुबळीला जिवंत पोचलात तर."

दारात बापूंच्या बायको, काकू, उभ्या होत्या, त्यांनी ऐकलं. मला एरवी बापूंचा राग यायचा, पण त्या दिवशी वाईट वाटलं.

*

चार महिने गळू नाही! बापू स्वतःच्या पायाने दवाखान्यात आले, मागे काकू.

"बघा डॉक्टर, एकदाही उकळली नाही. सोवळ्याचा गुण!" असं म्हणून ऐटीत बाहेर गेले.

डॉक्टरांनी काकूंकडे पाहिलं.

"ते आंघोळीला गेले की मी उकळते," काकू हळूच म्हणाल्या. "गंगाजळ तर कवाच तुळशीला घातलं. गडूत आता उकळलेलं पाणीच असतंय. त्यांना सांगू नका."

"अहो, मग पिचकारीच का नाही काळी नदीत टाकून दिली?"

"टाकली तर दुसरी आणतील की, आणि लपवून ठेवतील. ही कुठं असती, मला ठाऊक हाय."