एकमताने मागे

मी एकदा एका यंत्राची वेळ हाताने बरोबर केली आणि आमचा अख्खा विभाग बुडवला. तेव्हा मी पंचेचाळिशीची होते, त्यामुळे पोरवय होतं असंही म्हणता येत नाही. आता आजी आहे. नातवंडांना वाटतं मी जन्मतःच शहाणी.

विभाग सरांचा. पाठीमागे आम्ही त्यांना ‘दारावरचे सर’ म्हणायचो. पुण्यातल्या त्या कंपनीत आम्ही कारखान्यांतल्या यंत्रांची घड्याळं नेटवर्कवरून एकमेकांशी जुळवायचो, अगदी बारीक. सरांचा हट्ट एकच: निरोप आला की त्याची वेळ यंत्रात शिरतानाच, नेटवर्क कार्डावर, नोंदवायची. त्यासाठी कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, त्यांनी स्वतः लिहिला होता. “टपाल दारात पडलं ती वेळ खरी. आजोबांनी चष्मा शोधून वाचलं ती नव्हे.”

घरीही तेच. कुणी जेवायला आलं की दार उघडताच घड्याळ बघून म्हणायचे, “आलात. नोंद झाली.” मग पाहुणे चपला काढून, रहदारीला शिव्या घालून केव्हा का पानावर बसेनात.

सरांच्या निवृत्तीआधी एक मोठं गिऱ्हाईक ड्रायव्हर बघायला आलं. त्यांचा होकार आला तरच विभाग राहणार होता. दोन यांत्रिक हात मांडले होते. एकाने कोकम सरबताची बाटली पुढे करून सोडायची, दुसऱ्याने त्याच क्षणी धरायची. दालनातल्या सगळ्या यंत्रांची घड्याळं एकमेकांशी जुळलेली, पण खऱ्या वेळेच्या एकमताने मागे होती. सरांना ते ठाऊक होतं आणि चालत होतं. मला चालेना. पाहुण्यांपुढे शोभत नाही म्हणून मी गुपचूप पहिल्या हाताची वेळ माझ्या मनगटावरच्या घड्याळाप्रमाणे केली. ते घड्याळ मी बस चुकू नये म्हणून पुढेच ठेवत असे.

यंत्रणा त्या हाताला ओढून पुन्हा रांगेत आणणार, तेवढ्यात त्याने बाटली सोडली. दुसऱ्याची वेळ व्हायची होती. सरबत गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या बुटांवर गेलं.

सर माझ्या कानाशी वाकले. “सगळे मिळून चुकत होते तोवर काम चाललं होतं, बाई. तुम्ही एकालाच सुधारलंत.”

“कुणी हात लावला?” गिऱ्हाइकाने विचारलं.

“मी,” सर म्हणाले.

होकार आला नाही. विभाग बंद झाला. शेवटच्या दिवशी सर खोक्यात कार्डं भरत होते, तेव्हा धीर करून विचारलं, “सर, माझं नाव का नाही सांगितलंत?”

“अहो, मी आता घरी बसणार. तुम्हाला अजून नोकरी शोधायचीय. फक्त मुलाखतीत ‘मी वेळेची पक्की आहे’ असं सांगू नका.”