सत्तावन्नावा नियम

किल्लीवाल्याला खऱ्या नावाने हाक मारणारं छापखान्यात कुणी उरलं नव्हतं. गळ्यात दोरी, दोरीला अंगठ्याएवढी प्लास्टिकची किल्ली. ती कॉम्प्युटरच्या मागे खोचल्याशिवाय त्याचा प्रोग्राम उघडायचाच नाही. हा अंघोळीलासुद्धा ती काढत नसेल, असं लोक म्हणायचे. काढायचा, पण साबणाशेजारीच ठेवायचा.

छापखाना अंध मुलांच्या शाळेचा. पुस्तक ब्रेलच्या ठिपक्यांत उतरवायचं म्हणजे अक्षराला अक्षर लावून भागत नाही. अपूर्णांक कुठे मोडायचा, आकृतीखालची ओळ कुठे घ्यायची, याचे नियम लागतात. ते किल्लीवाल्याने बावीस वर्षं खपून बसवले होते. एकट्याने नाही हं! त्याची थोरली बहीण तिथेच मुद्रितं तपासायची. नऊ वर्षांची असताना तिची दृष्टी गेलेली. तो नियम लिहायचा, नमुन्याचं पान छापायचा, ताई त्यावर बोटं फिरवायची आणि म्हणायची, "नापास." की पुन्हा पहिल्यापासून. असे चारशे बारा नियम झाले होते.

हे सगळं त्याने एका कंपनीच्या विकतच्या प्लॅटफॉर्मवर बांधलं होतं, आणि गळ्यातली किल्ली त्याच्याच परवान्याची. शेजारच्या टेबलावरचा दाढीवाला शाळेच्या ग्रंथालयाची सूची खुल्या प्लॅटफॉर्मवर चालवायचा, ज्याचा कोड कुणीही वाचावा, बदलावा, पुढे द्यावा. चहाच्या वेळी दोघांचं रोज वाजायचं.

"ज्याला मालक नाही ते बिघडलं, तर गचांडी कुणाची धरशील?" किल्लीवाला विचारायचा.

"आणि तुझ्या मालकाने उद्या दुकान बंद केलं तर?"

"तुझ्या जिभेला काही हाड!"

दुकान बंद झालं. कंपनी दुसऱ्या कोणी विकत घेतली आणि नव्या मालकांचं दोन ओळींचं पत्र आलं, की जुन्या किल्ल्या महिनाअखेर बंद. किल्लीवाल्याने ते वाचून खणात टाकलं. बावीस वर्षांच्या गिऱ्हाईकाला असं वाऱ्यावर सोडतात होय? सोडतात. एक तारखेला त्याने किल्ली खोचली आणि पडद्यावर आलं, परवाना संपला.

शाळा उघडायला दहा आठवडे होते. गणिताचं नवं पुस्तक अजून छापायचं होतं, आणि नियमांशिवाय त्यातलं एक पान निघणार नव्हतं.  किल्लीवाल्याने कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी अगदी गोड बोलत होती. नवं उत्पादन घ्या म्हणाली, जुन्या फाइली मात्र त्यात उघडणार नाहीत.

"अहो, पण माझे नियम आहेत त्यात!"

"नियम तुमचेच आहेत, सर. फाइल आमची आहे."

रोज संध्याकाळी न चुकता प्रत काढून ठेवणारा माणूस हा! कपाट भरलं होतं प्रतींनी. पण प्रत्येक प्रत त्याच कुलपातली. बावीस वर्षं त्याने एकाच बंद डब्याच्या प्रती जपल्या, आणि आतलं एकदाही साध्या कागदावर उतरवून ठेवलं नाही. आता कपाळावर हात मारून काय उपयोग?

घरी येऊन त्याने ताईला सांगितलं. ती उठली, चाचपडत नव्हे, सरळ आपल्या खोलीत गेली आणि पलंगाखालून खोकी ओढायला लागली.

"तू मला नमुन्याची पानं फेकायला सांगितली होतीस," ती म्हणाली. "मी फेकली नाहीत. पास केलेली वेगळी, नापास वेगळी. पाठीवर नियमांचे आकडे आहेत, आणि मी काय म्हटलं तेही."

दुसऱ्या दिवशी किल्लीवाला दाढीवाल्यासमोर उभा राहिला. "बोल काय बोलायचंय ते. आज ऐकून घेतो."

"खुर्ची इकडे ओढ," दाढीवाला म्हणाला, आणि आपल्या पडद्यासमोर त्याला जागा करून दिली.

ताई पान वाचायची, किल्लीवाला खुल्या प्लॅटफॉर्मवर नियम नव्याने लिहायचा. इथे नियम म्हणजे साध्या ओळी. कॉम्प्युटरला जोडलेल्या, पडद्यावरची ओळ ठिपक्यांत उमटवणाऱ्या पट्टीवर ताईला त्या स्वतः वाचता यायच्या. जुन्या प्रोग्राममध्ये तिचं बोट कधी पोचलंच नव्हतं. ती प्रत्येक ओळ वाचायची, आणि "इथे चुकलास" म्हणताना तिला भलताच चेव यायचा.

सत्तावन्नाव्या नियमाशी ती थांबली.

"तक्ता दुसऱ्या पानावर गेला, तर रकान्यांची शीर्षकं पुन्हा वर छापायची. हे मी तेव्हा सांगितलं होतं. प्लॅटफॉर्मला जमत नाही म्हणालास. नापास पान पास करून घेतलंस माझ्याकडून. इथे तरी जमेल का?"

किल्लीवाल्याने गळ्यातली दोरी उगाच चाचपली.

"तिथेही जमलं असतं, ताई. मला कंटाळा आला होता."

 त्याला वाटलं, आता ती उठून जाईल. जायलाच हवं होतं तिने, मी तर म्हणतो! पण तिने पट्टी पुढे ओढली, तिच्या कळांवर नियम स्वतः लिहिला आणि एकच तक्ता दोनदा छापून घेतला, जुन्या रीतीने आणि नव्या.

"डोळे मीट," ती म्हणाली. "बोटाने वाच. जुनं आधी."

ठिपके त्याला डोळ्यांनी वाचता येत होते, बोटाने जेमतेम. पहिलं पान संपलं, दुसऱ्यावर नुसते आकडे आले. तिसरा रकाना वजनाचा की उंचीचा? तो मागे गेला, शीर्षक शोधलं, पुढे आला, तोवर ओळ हरवली. पुन्हा मागे गेला. चौथ्या खेपेलाही रकाना चुकला. वर्षानुवर्षं शाळेतली मुलं असंच वाचत आली होती, आणि ताईसुद्धा.

"चुकलं माझं," तो डोळे मिटूनच म्हणाला.

"माहीत आहे," ताई म्हणाली. "आता नवं वाच."