सातात कोण चुकलं

आमच्या अख्ख्या नागपुरात कॅनडातल्या तिघांच्या त्या रॉक बँडचे चाहते अडीच होते. एक मी, दुसरा तो, आणि अर्धी माझी धाकटी बहीण, कारण ती आई बाजारात गेली असली तरच नाचायची. आणखी कोणी असतील तर ते आम्हाला कधी भेटले नाहीत, आणि भेटले असते तर आम्ही त्यांना उभंही केलं नसतं, इतका आम्हाला त्या तीन माणसांचा माज होता.

हे आता लिहितोय, कारण टोरंटोचा मामेभाऊ हात धुऊन मागे लागलाय. तिकडे म्हणे त्या बँडच्या जुन्या चाहत्यांचे मेळावे भरतात. सुटलेल्या पोटांवर जुने टी-शर्ट चढवून लोक येतात, आठवणी सांगतात आणि चक्क रडतात. "तू पण चार ओळी दे ना लिहून. इंडियातही आपले लोक होते म्हटलं की खूश होतील." चार ओळी मी केव्हाच पाठवल्या. रेकॉर्डचं कव्हर, सुईची खरखर, मधेच लाइट गेली की गाणं रेड्यासारखं हंबरत थांबायचं, सगळं लिहिलं. जे पाठवलं नाही, ते हे.

ती रेकॉर्ड मामाने आणली होती. सत्तरचं दशक अर्ध्यावर आलं होतं आणि मी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होतो. मामा कॅनडातून पहिल्यांदाच आला, तर आमची अपेक्षा घड्याळाची, आणि याने काढली ही चौकोनी चपटी वस्तू. आमचं घर नागपूरच्या महाल भागातलं, वडील सरकारी कचेरीत हेडक्लार्क, घरात रेकॉर्ड प्लेअर होता तो नाट्यसंगीतासाठी. त्यावर मी ही लावली. गाणारा असा काही वरच्या पट्टीत सुटला की आई पिठाचे हात घेऊन स्वयंपाकघरातून धावत आली. "अरे, कोणाची बाई रडतेय?"

कॉलेजातल्या सगळ्यांना मी कौतुकाने घरी बोलावलं. एकेक जण यायचा, चहा प्यायचा, पाच मिनिटं ऐकायचा आणि "काय बे कटकट आहे ही" म्हणून निघून जायचा. थांबला तो एकटाच. नागपूरजवळच्या कुही गावचा होता, शेतकऱ्याचा मुलगा, सक्करदऱ्याला खोली करून राहायचा. आम्ही त्याला कुहीवालाच म्हणायचो. नाव होतं की त्याला, चांगलं होतं, पण कोणी वापरायचं नाही. तो खाली सतरंजीवर मांडी घालून बसला, डोळे मिटले, आणि उजव्या हाताने मांडीवर काहीतरी मोजायला लागला. तिसऱ्या गाण्याच्या मधल्या भागात मला नेहमी ठेचकाळल्यासारखं व्हायचं, पाय कुठे टाकायचा तेच कळायचं नाही. तिथे त्याने एकदम डोळे उघडले.

"अबे, हा तं रूपक हाये!"

"काय?"

"रूपक ताल. सात मात्रा. तीन, दोन, दोन. आमच्या भजनात वाजते ना गा. परत लाव, परत लाव."

परत लावलं. त्याने जमिनीवर बोटांनी धरलं ते सात, आणि गाणं माझ्यासमोर उलगडत गेलं. अंगावर काटा आला माझ्या. महिनाभर ऐकून मला जे कळलं नव्हतं, ते ह्याने एका बैठकीत ओळखलं. तेव्हा आनंदच झाला होता मला, हे कबूल करतो. त्याची लाज वाटली ती नंतर.

त्याचे वडील गावच्या भजनी मंडळात ढोलकी वाजवायचे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, माणूस समोर उभा राहिला तर फक्त सावली दिसायची. पण कान असा की पलीकडच्या आळीत कोणी ढोलकीवर थाप मारली तरी कोणाचा हात ते सांगायचे. ह्याला त्यांनीच शिकवलं होतं. चुकला की बोटांवर टिचकी.

मग दर रविवारी तो यायचा. दुपारी जेवण झालं की हजर. आईने त्याच्यासाठी भाताचं भांडं मोठं चढवायला सुरुवात केली. आम्ही रेकॉर्ड ऐकायचो, कव्हरवरचे फोटो तासन् तास पाहायचो. त्यांचा ड्रमवाला भांड्यांच्या दुकानात बसल्यासारखा चहूबाजूंनी वाद्यांनी वेढलेला होता. कुहीवाल्याला एकच चिंता. "इतका बरफ पडते म्हणते तिथं. मंग हे लोक धान कुठं वाळू घालत असन?" मी त्यावरून त्याची आठवडाभर टर उडवली. त्याने ती उडवू दिली.

पुढे त्याने स्वतःचा ड्रमसेट बनवला. पत्र्याची पेटी, तेलाचा रिकामा पिपा, दोन पितळी ताटल्या दोरीने टांगलेल्या. गावच्या सुताराकडून बाभळीच्या दोन काड्या घडवून आणल्या. हसू नका. तो त्यावर ते तिसरं गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवायचा, आणि मधल्या सातात तर असा रंगायचा की बहीण आई घरात असतानाही नाचायची. मी गिटार वाजवायचो, बेताचीच. आमच्या वर्गातला एक जण गायचा. ठरलं की गॅदरिंगमध्ये हे गाणं करायचं. मीच ठरवलं. मीच त्याला म्हणालो, "तुझ्याशिवाय हे गाणं उभंच राहत नाही बे."

गॅदरिंगच्या आधी आठ दिवस तो धानाच्या चुरणीसाठी, म्हणजे मळणीसाठी, गावी गेला. जाताना दहादा विचारून गेला, तारीख नक्की ना, वेळ नक्की ना.

त्या आठ दिवसांत रामदासपेठेतला एक मुलगा आमच्याकडे आला. त्याच्याकडे खरा ड्रमसेट होता. लाल, चकचकीत, कलकत्त्याहून आणलेला. "मी वाजवतो, अँप्लिफायरही माझाच घ्या," म्हणाला. गाणाऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हणालो. इतकंच. फार विचार केला, जिवाची घालमेल झाली, असं काही सांगायला मला आवडलं असतं. तसं काही झालं नाही. मला त्या पिप्याची आणि पेटीची लाज वाटत होती. समोर मुली बसणार, आणि हा स्टेजवर तेलाचा पिपा घेऊन, वर माइकवर "मले", "तुले" करणार. ह्या लाजेपायी मी हो म्हणालो. त्याला कळवायला पोस्टकार्ड आणलं आणि लिहिलं नाही. मनात म्हटलं, चुरणी आहे, कदाचित येणारच नाही. शेपूट घातलं, दुसरं काय.

तो आला. दुपारी चारचा कार्यक्रम, तो तीनलाच स्टेजच्या मागच्या दाराशी हजर. धुतलेला पांढरा सदरा, तेल लावून बसवलेले केस, हातात त्या दोन काड्या. चेहरा नुसता फुलला होता.

"बाबाले घेऊन आलो गा! चुरणी अर्धी सोडून आले. पह्यल्या लाइनीत बसवलं त्याईले."

मागे लाल ड्रमसेट मांडून झाला होता, तो मुलगा त्यावर थापा मारून पाहत होता. कुहीवाल्याने तिकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी काहीतरी पुटपुटलो, की अँप्लिफायर त्याचा आहे, की वेळ नव्हता, की पुढच्या वर्षी नक्की. ऐकताना तो काड्यांवरून अंगठा फिरवत होता.

"काहून गा?" एवढंच म्हणाला. भांडला नाही. भांडला असता, दोन कानाखाली दिल्या असत्या, तर मी आयुष्यभर त्याचा ऋणी राहिलो असतो. मग म्हणाला, "मी इथंच पडद्यामागं राहतो. बाबाजवळ जाऊन बसलो तं त्याईले कळन."

पडदा वर गेला. पहिल्या रांगेत त्याचे वडील दिसले. धोतर, काळी टोपी, दोन्ही हात गुडघ्यांवर, मान जरा तिरपी. बघायला नव्हे, ऐकायला बसलेला माणूस.

माइकवर 'गिटारवर मी' म्हणत गाण्याची ओळख मीच करून दिली. सुरुवात झकास झाली. मुली टाळ्या देत होत्या. आणि मग तो मधला भाग आला. रामदासपेठेचा ड्रमवाला चारातच राहिला. आम्ही सातात आणि हा चारात. तीन ओळींत सगळा विचका झाला. गाणारा थांबला, मागून कोणी शिट्टी मारली, हशा पिकला. मी बाजूला पाहिलं. पडद्याच्या आडोशाला तो उभा होता आणि मांडीवर हाताने सात देत होता. माझ्याशी नजर मिळताच मान हलवायला लागला. तीन, दोन, दोन. तीन, दोन, दोन. त्या मानेकडे पाहत मी गिटार परत मार्गावर आणली, गाणारा माझ्यामागे आला, आणि कसंबसं आम्ही गाणं संपवलं. मी त्याच्याशी जे केलं होतं, त्याला अजून दोन तासही झाले नव्हते.

कार्यक्रम संपल्यावर त्याचे वडील कोणाच्या तरी हाताला धरून मागे आले. तो पडद्यामागून पुढे झाला, काड्या हातातच. त्यांनी चाचपून त्याचा खांदा धरला. मी दोन पावलांवर, गिटार पुसत होतो.

"बाकी बरं झालं," ते म्हणाले. "पन सातात चुकला तू. घरी तं कधी चुकत नाही."

एवढं बोलून ते थांबले. चेहरा मुलाकडे नव्हता, माझ्या बाजूला वळलेला होता. मी तेव्हा समजलो, दिसत नाही बिचाऱ्यांना, कुठे पाहावं कळत नसेल. चांगलेच थांबले ते. एक वाक्य लागत होतं, 'काका, तो नव्हता वाजवत.' त्या वाक्याने गॅदरिंग बुडणार नव्हतं की माझी गिटार कोणी हिसकावणार नव्हतं. मी मूग गिळून गिटार पुसत राहिलो.

"हो बाबा," कुहीवाला म्हणाला. "चुकलो."

मग ते दोघं बस गाठायला गेले.

त्यानंतरही तो कॉलेजात भेटायचा, बोलायचा, परीक्षेच्या नोट्स द्यायचा. फक्त रविवारी आला नाही. विचारलं की म्हणायचा, "काम हाये गा." आई दोन-तीन रविवार मोठ्या भांड्यात भात लावत राहिली, मग तिनेही विचारणं सोडलं. बी.ए. झाल्यावर तो गावी परत गेला. निरोप असा काही झालाच नाही.

मध्ये दहा-बारा वर्षं गेली. मी बँकेत लागलो, लग्न झालं. एका फेब्रुवारीत बायकोने वर्षाच्या तिखटासाठी मिरची आणायला कळमन्याच्या बाजारात पिटाळलं. तिथे लाल मिरचीचे ढीग, ठसका असा की नाकाला रुमाल लावूनच बोलायचं. मी एका ढिगाशी उभा राहून घासाघीस करत होतो, तर मागून आवाज आला.

"तुमी ते गिटारवाले ना?"

वळून पाहिलं. जाड भिंगाचा चष्मा, तीच काळी टोपी. कुहीवाल्याचे वडील! डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं, घरची मिरची विकायला आले होते. "चेहरा तं मी तुमचा कधी पायलाच नोता," ते हसून म्हणाले. "आवाज ध्यानात होता."

पोत्यावर बसवलं त्यांनी मला. चहा मागवला. तो कसा आहे, मी विचारलं. शेती करते, दोन पोरं हायेत, तब्येत बरी. मग मी ते विचारलं, जे विचारायची माझी लायकी नव्हती.

"वाजवतो का अजून?"

"नाही. त्या दिवसापासून नाही. भजनातबी बसत नाही. पोरं म्हणते बाबा शिकव, तं उठून वावरात चालला जाते."

मला राहवलं नाही. घशात मिरची, डोळ्यांत मिरची, त्यातच बोलून गेलो. "काका, त्या दिवशी तो नव्हता वाजवत. दुसराच होता. मीच त्याला काढलं होतं."

त्यांनी कप खाली ठेवला.

"मले मालूम हाये."

"मालूम होतं?"

"त्याचा हात मी तो बोलाले शिकला नोता तवापासून ऐकून राहिलो. मले नाही कळन?"

"मग तुम्ही त्याला का बोललात? सातात चुकला म्हणून?"

"त्याले कुठं बोललो बापू," ते म्हणाले, रागाने नाही, एखादी जुनी गोष्ट समजावून सांगावी तसं. "तुमाले बोललो. तुमी बाजूलेच उभे होते, गिटार पुसत होते, आवाज येत होता. वाटलं, पोराच्या माथी खोटं येते म्हटल्यावर हा दोस्त बोलन. थांबलो मी तुमच्यासाठी. तुमी नाही बोलले. मंग त्यानंच खोटं अंगावर घेतलं, आन् माझा शब्द माझ्याच पोराले लागला."

त्यांनी कप परत उचलला. मग म्हणाले, "आमी दोघं कधी बोललो नाही त्याच्यावर. मी म्हटलं का मले मालूम होतं, तं बापाशी खोटं बोललो म्हणून त्याले लाज वाटन. तो बोलला तं तुमची इज्जत जाते. तुमीच या ना एकदा घरी. तुमी सांगितलं तं त्याचा हात सुटन कदाचित. रविवारी घरीच राहते तो."

"येतो," मी म्हणालो. "येत्या रविवारीच येतो."

त्यांनी माझी मिरची स्वतः निवडून दिली, वर दोन मुठी जास्त टाकल्या, आणि घरच्यांना सांभाळून कांडायला सांगितलं, तिखट आहे म्हणाले.

ती रेकॉर्ड अजून माझ्याकडे आहे. तिसरं गाणं लागलं की मधला भाग येण्याआधी मी उठून सुई उचलतो. मामेभावाच्या मेळाव्यातले लोक ते गाणं ऐकून का रडतात, मला माहीत नाही. त्यांचं काहीतरी वेगळं असेल.

नागपूरहून कुहीला बसने दीड तास लागतो. मी गेलो नाही.