थंड खोली

बोटाच्या पेरानं लाकडावर दोनदा टकटक करायची, कान लावायचा आणि निकाल द्यायचा: "जितं आहे." नाहीतर, "मेलं." आमच्या आदिलाबादच्या घराच्या खिडक्यांच्या चौदा झडपा मिस्त्रींनी पहिल्या दिवशी अशाच तपासल्या. अकरा जित्या निघाल्या, तीन मेल्या.

घर निजामाच्या काळातलं. सागवानी झडपांवर हिरव्या रंगाची इतकी पुटं चढली होती, की निम्म्या बंदच होत नव्हत्या. थंडीत वारा शिरायचा, उन्हाळ्यात झळा. पुतणीच्या सोयरिकीसाठी मे महिन्यात नागपूरची माणसं येणार होती, म्हणून माझ्या थोरल्या भावानं संक्रांतीनंतर मिस्त्रींना बोलावलं.

"तुमच्या बापानं रंग फासला, तुमी फासला," ते भावाला म्हणाले, "लाकडाले कोणी इचारलं नाही."

भावाचं कापडाचं दुकान. त्याला असं बोललेलं चालत नाही. पण असं काम करणारा दुसरा माणूस जवळपास नव्हता.

माझीही सुटका नव्हती. एकदा मी झडप जोरात ओढली, तर म्हणाले, "ताई, झडप आहे ते. शाळेतल्या पोराचा कान नाही." मी तीस वर्षं शिकवलं, मला असं कोणी बोललं नव्हतं. मला हसू आलं.

अशी तोंडाळ माणसं तुमच्याही ओळखीची असतील. त्यांचे हात बघत बसावेसे वाटतात. मिस्त्री रंग खरवडायचे, कुजलेल्या खालच्या पट्ट्या कापून जुन्याच सागाचे तुकडे जोडायचे. मोठ्या खोलीच्या झडपांना त्यांनी आतून पातळ फळी ठोकली आणि मधल्या पोकळीत पिंजलेला कापूस अन् कडुनिंबाचा वाळला पाला भरला. कडांना लोकरीच्या पट्ट्या लावल्या.

मे उजाडला. शेवटच्या दिवशी भर दुपारी त्यांनी सगळ्या झडपा लावल्या, फटीजवळ उदबत्ती धरली. धूर सरळ वर गेला. बाहेर डांबर वितळत होतं आणि आत फरशी गार. मिस्त्री खाली बसले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज नरम ऐकला.

"ताई, एक मागणं होतं. घरी टिनाखाली दुपार निघत नाही. पाहुणे येतपर्यंत मले इथं फरशीवर पडू द्यान का? दुपारपुरतं."

पाहुण्यांना अजून आठ दिवस होते. खोली रिकामी होती. घर भावाइतकंच माझ्याही नावावर आहे.

भाऊ दारातून हसला. "मिस्त्री, पाहुण्यांसाठी केली ना खोली! तुमच्या घामाचा वास बसला म्हणजे?"

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. मी पलंगावरची चादर उचलली आणि तिची घडी घालू लागले. चादर आधीच घडी केलेली होती.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "काऊन बसवाचा वास?"

उठले. खांद्यावरच्या दुपट्ट्यानं बसले होते तेवढी जागा पुसली, हत्यारांची पिशवी उचलली आणि उन्हात उतरले.

पाचव्या दिवशी दूधवाल्यानं सांगितलं. मिस्त्रींची सून मिरच्या तोडायला गेली होती. परत आली तेव्हा टिनाखाली खाटेवर मिस्त्री पडलेले. अंग तव्यासारखं तापलेलं, जीव गेलेला. भाऊ म्हणाला, "वय झालं होतं." मी दूध घेतलं.

पाहुणे ठरल्या दिवशी आले. खोलीत पाऊल टाकताच मुलाची आई म्हणाली, "अगंबाई, किती गार! कोणी केलं हो हे काम? आम्हालाही करून घ्यायचंय."

"एक मिस्त्री होता, गेला," भाऊ म्हणाला. "असता तरी तुमच्याकडं टिकला नसता. भारी तोंडाळ!"

सगळे हसले. मीही हसले. सोयरीक जमली.

पुतणी आता नागपूरला असते. मोठी खोली माझ्याकडं आली. उन्हाळ्यात जेवण झालं की मी झडपा ओढून घेते आणि आडवी होते. वाटलं होतं, झोप लागणार नाही. पण चांगली लागते.