एक इंच जास्त

चार वाजता लेक आईला दवाखान्यातून घरी आणणार होती आणि दीड वाजला तरी मास्तर संडासात गुडघे टेकून बसले होते. बसले कसले, दर दोन मिनिटांनी उठून घड्याळ बघून येत होते.

मास्तर म्हणजे शिंपी. लोकांच्या कॉलरी चाळीस वर्षं सरळ ठेवल्या, पण घरच्या कमोडची सीट तीन महिने डुगडुगत होती, तिला हात लावायला सवड नाही! बायको रोज सांगायची, हे म्हणायचे रविवारी बघतो. कुठला रविवार, ते कधी ठरलंच नाही. मग एका सकाळी सीट सरकली, बायको पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यात ती मास्तरांना एका शब्दानं बोलली नाही. तेच त्यांना जास्त लागलं. लेकीला मात्र म्हणाली, त्या सीटवर आता मला कुणी धरल्याशिवाय मी बसायची नाही. आयुष्यभर कुणाचा हात न घेतलेली बाई ती.

जुने नट गंजलेले, पान्याला दाद देईनात. शेवटी करवतीच्या पात्यानं कापले. नवी सीट ठेवली, तर पुढून चांगली इंचभर बाहेर! माप स्वतः घेऊन भिंतीवर खडूनं लिहिलेलं, अठरा. पुन्हा टेप लावली. सतरा. शिलाईत जाणारा इंच हातानं सवयीनं आधीच धरला होता. कमोडला कसली आलीय शिलाई?

क्षणभर वाटलं, आवळून टाकावी, इंचभरानं काय होतंय. पण पुढच्या टोकावर तळहात दाबला, तशी सीट मागून कचकन उचलली गेली.  सीट काखोटीला मारून मास्तर तसेच चपला घालून दुकानाकडे धावले. दुकानदारानं विचारलं, मास्तर, ट्रायल न घेताच नेलीत होय? एरवी चार शब्द सुनावले असते; आज गुमान बदलून घेतली.

सव्वातीनला नवी सीट बसली. मग मास्तर बसले, उठले, बोल्ट आवळले, पुन्हा बसले. समाधान होईना. तेवढ्यात दारात गाडी वाजली.

बायको वॉकर टेकत संडासाच्या दाराशी आली. तिनं सीटकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"आधी तुम्ही बसा."

मास्तर पँटसकट बसले.

"हला जरा."

ते डावीकडे हलले, उजवीकडे हलले. लेक तोंड फिरवून हसत होती. बायको हसली नाही.

"चुकलं माझं," मास्तर बसल्या बसल्याच म्हणाले. "पहिल्याच रविवारी करायला हवं होतं."

"उठा आता."

लेकीनं धरायला हात पुढे केला. तो बायकोनं बाजूला सारला, वॉकर टेकत आत गेली आणि आतून कडी लावली. मास्तर पाना हातात धरून दाराबाहेर उभे राहिले.