वाइनच्या एका बाटलीसाठी रामाकोना ते पांढुर्णा

पांढुर्ण्याला जायचं ठरलं ते वच्छाबाईमुळं. वच्छाबाई म्हणजे माझी नणंद, तेव्हा सोळा वर्षांची. मुदतीचा ताप उतरून पंधरा दिवस झाले तरी पोरगी घास तोंडात घेईना. वरणाचं पाणी दिलं तरी मान फिरवायची. बांगड्या पार कोपरापर्यंत सरकायच्या. शेवटी डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली : द्राक्षाची वाइन, जेवणाआधी दोन चमचे, भूक लागेल. (तेव्हाचे डॉक्टर असं लिहीत. तुम्ही आपल्या डॉक्टरचंच ऐका बरं.)

मी घरातली नवी सून, तिसरी पास. चिठ्ठ्या वाचायचं काम माझ्याकडं, म्हणून सासूबाईंनी मलाच सोबत घेतलं. मामंजी म्हणाले, "नागपूरला जा, तिथं सारं भेटते." पण राज्यं बदलून दोन-तीन वर्षं झालेली. नागपूर मुंबई राज्यात गेलं, आम्ही भोपाळकडं, मध्य प्रदेशात राहिलो. नागपुरात दारूबंदी, औषधाची म्हटली तरी परमिट पाहिजे. आमची संत्री खुशाल नागपूरला जायची, पण बाटली तिथून आणता येत नव्हती. मला फार नवल वाटायचं, रेघ ओढली कोणी आणि कुठून!

आमच्या रामाकोन्याहून सौसरला आम्ही छोट्या रेल्वेगाडीनं गेलो. ती गाडी इतकी हळू की खाली उतरून बोरं वेचून परत चढावं. सौसरच्या दारूच्या ठेक्यासमोर सासूबाई रस्त्याच्या पलीकडं उभ्या राहिल्या आणि मला पुढं केलं. मी पदर नाकापर्यंत ओढून विचारलं. आतला माणूस हसला. "वाइन? माय, इथं मोहाची घेणारे येतात. वाइन मागते कोण, आन् आणते कोण? पांढुर्ण्याला मोठी रेल्वे आहे, तिकडं पाहा."

तिथून पुढं मोटार. तेव्हा अर्धा दिवस जायचा आणि भुवयांवर धूळ बसायची. आता रस्ता चांगला आहे, तास-सव्वा तासात पोचाल. दिवाळीच्या सुमारास गेलात तर दोन्हीकडं संत्र्याचे बगीचे पिवळे दिसतील, पिशवी घेऊनच जा. वाटेत आम्ही घरची भाकर खाल्ली आणि भजी विकत घेतली. भज्यांचे पैसे आठवत नाहीत, तिखटपणा आठवतो.

पांढुर्ण्यात पहिलं दुकान औषधाचं. भिंतीवर हे एवढं चित्र! गोऱ्या गालांची बाई, हातात द्राक्षांचा घड, खाली मोठ्या अक्षरांत ‘शक्ती’. टॉनिकच्या बाटल्यांना सोनेरी कागद. मी तर बघतच राहिले. दुकानदार म्हणाला, "हेच न्या, सारे हेच नेऊन राहिले. कंपनीचा माणूस चित्र लावून गेला तवापासून दुसरं कोणी मागतच नाही."

सासूबाईंनी बाटली हातात घेतली आणि म्हणाल्या, "खोल. चाखून पाहू."

आता हे समजून घ्या. आमच्याकडं संत्र्याचा ढीग घेताना वरचं फळ कोणी पाहत नाही. तळातलं काढायचं, सोलायचं, एक फोड तोंडात टाकायची, मग भाव. सासूबाईंचा जन्म त्यात गेलेला. त्यांना वाटलं, इथंही तसंच असणार.

"बाई, सील आहे त्याले!" दुकानदार म्हणाला. "तोडलं त ज्याच्याकडून माल घेतो तो ठोकवाला परत घेईन का?"

"मग चाखल्याबिगर कसं घेऊ? पोरीच्या पोटात जाणार आहे ना!"

तोवर मी बाटलीभोवतीचा हिंदी कागद अक्षर अक्षर लावून वाचला. साखर होती, रंग होता, कसला तरी अर्क होता. द्राक्ष मात्र शोधून सापडलं नाही. "सासूबाई, घड चित्रातच आहे," मी हळूच म्हटलं. बाटली फळीवर परत गेली.

राहिला विलायती दारूचा ठेका. ह्या वेळी सासूबाई स्वतः पुढं झाल्या. ठेकेदारानं चिठ्ठी पाहिली, मागं जाऊन एक पेटी ओढून आणली. वर बोटभर धूळ. "कोणीच घेत नाही जी. पण ठोकवाला म्हणते, रम पाहिजे त हीबी एक पेटी घ्या. गळ्यात बांधली माह्या."

"खोल."

त्याचं काय जात होतं? बूच उघडलं. सासूबाईंनी पदरानं बाटलीचं तोंड पुसलं आणि तीर्थ घ्यावं तसे चार थेंब तळहातावर घेतले. भर बाजारात! पोट्टे जमले. एक म्हणाला, "काकू, एवढ्यानं काय होते? पेला आणू का?"

"आण. आन् तुह्या मायले सांग, काकू इथं भेटली म्हणून. तू इथं कायले आला होता, तेबी सांगजो."

पोट्टा पसार. सासूबाईंनी जीभ टाळूला लावली. "आंबट आहे. पण द्राक्षच आहे. दे."

परतीच्या मोटारीत ती उघडी बाटली मी मांडीत उभी धरून आणली, खड्डा आला की श्वास रोखायचा. घरी पहिल्या चमच्याला वच्छाबाई म्हणाली, "ई! कित्ती आंबट!" सासूबाई दाराआड जाऊन रडल्या. महिनाभरात पोरीनं चव म्हणून काही सांगितलीच नव्हती.

पुढं आजारातून उठलेल्या बोरगावच्या मामींसाठी तीच वाइन मागवली तर ठेकेदाराचा निरोप आला : पेटी संपली, आणि एका पेटीसाठी ठोकवाला गाडी धाडत नाही. सोनेरी कागदवाली मात्र वर्षभरात रामाकोन्याच्या किराण्यात आली, भिंतीवरच्या बाईसकट. आम्ही निवडून आणली असं मी किती वर्षं सांगत होते! पण ठोकवाल्यानं ती पेटी जबरदस्तीनं ठेकेदाराच्या गळ्यात बांधली नसती, तर आम्ही काय निवडणार होतो?

वाइन सुरू केल्याच्या पाचव्या दिवशी मी चुलीशी होते. वच्छाबाई भिंत धरत धरत आली, पाटावर बसली आणि म्हणाली, "वहिनी, भाकर आहे का?" मी अर्धी वाढली. तिनं ताटाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "अर्धीच काहून व?"

सासूबाईंनी परातीत आणखी पीठ घेतलं.